जुना सुपर स्पीड रेझर आणि पात्यांचा संच : एक तारा देणाऱ्या ग्राहकास उत्तर

नमस्कार सर,

तुम्ही सविस्तर लिहिलंत, त्यामुळे मीही सविस्तर लिहितो. तुम्ही आमच्याकडून जिलेट कंपनीचा जुना ‘सुपर स्पीड’ रेझर आणि त्यात बसणाऱ्या दुधारी पात्यांचा संच घेतलात. तुमच्या तक्रारी चार आहेत. पहिल्याच दाढीत हनुवटीखाली कापलं आणि रेझर चालताना करकर जाणवली. संचातलं ‘फेदर’ या ब्रँडचं पातं तिसऱ्या दाढीला बोथट झालं, म्हणजे ते नकली असणार. रेझरला नव्यासारखी चकाकी नाही. आणि कुणीतरी वापरलेलं ‘जुन्या बाजारातलं भंगार’ आम्ही घासून विकतो.

करकरीपासून सुरुवात करतो, कारण बाकीचं बरंचसं तिच्यातून निघालं आहे असं मला वाटतं. तुम्ही जोडलेला फोटो मोठा करून पाहिला. रेझरच्या डोक्यावरच्या दोन झडपा पूर्ण मिटलेल्या नाहीत. त्या नीट मिटल्या की मध्ये जेमतेम एक रेघ राहते. तुमच्या फोटोत फट स्पष्ट दिसते. दुधारी पातं जेमतेम 0.1 मिलिमीटर जाड असतं. ते हातात घेऊन हलकं दाबलं तर वाकतं. त्याला ताठपणा येतो तो रेझरच्या डोक्यात कमानीसारखं वाकवून घट्ट धरल्यावर. अशा रेझरचे जनक किंग जिलेट यांना 1904 साली अमेरिकेत जे पेटंट मिळालं, त्याचा गाभाच हा आहे: पातं इतकं पातळ की त्याची धार स्थिर ठेवायला बाहेरून आधार हवा. झडपा अर्धवट राहिल्या की तो आधार ढिला पडतो, पातं केसावर थरथरतं आणि तुम्हाला करकर जाणवते. कापतंही तिथेच.

दांड्याच्या टोकाचा गोळा फिरवून झडपा उघडा, पातं मधल्या पट्टीवर सपाट बसलंय ना ते पाहा, आणि मग गोळा शेवटपर्यंत फिरवा. पुढे फिरत नाही असं हाताला कळलं पाहिजे. नंतर रेझर उजेडाकडे धरा. दोन्ही बाजूंनी पात्याची कड सारखीच बाहेर दिसायला हवी. एका बाजूला जास्त दिसली तर उघडून पुन्हा बसवा. झडपांच्या सांध्यात साबण वाळून बसला असेल तर कोमट पाणी आणि जुना दातांचा ब्रश पुरतो. व्हिनेगर किंवा लिंबू लावू नका, आम्लाने निकेलचा मुलामा खराब होतो.

आता पात्यांविषयी. संचात डर्बी, अ‍ॅस्ट्रा, सेव्हन ओ’क्लॉक, टोपाझ आणि फेदर अशी पाती आहेत. सोबतच्या कागदावर क्रम छापला आहे, त्यात फेदर सगळ्यात शेवटी येतं. जपानचं हे पातं बाजारात सहज मिळणाऱ्या दुधारी पात्यांमध्ये बहुधा सगळ्यात धारदार. सरावलेल्या हातात ते लोण्यासारखं चालतं. तुम्ही लिहिलंय की आजवर कार्ट्रिज, म्हणजे पाती आत बसवलेलं तयार डोकं असलेला रेझर, वापरत होतात. कार्ट्रिजचं डोकं गालाप्रमाणे आपोआप वळतं आणि थोडा दाब सहन करतं. सुपर स्पीडमध्ये कोन तुमच्या मनगटाने ठरतो. त्या दाबाच्या सवयीवर पहिल्याच दिवशी फेदर चढवणं मी माझ्या सख्ख्या भावालाही सुचवणार नाही.

डर्बी किंवा अ‍ॅस्ट्रा लावा. आंघोळ झाल्यावर दाढी करा. केसाने दोन-तीन मिनिटं पाणी प्यायलं की तो मऊ होतो आणि कापायला जोर लागत नाही. रेझरचं डोकं गालावर टेकवून दांडा जवळजवळ आडवा धरा, मग दांडा सावकाश खाली आणा. केस कापल्याचा बारीक आवाज येऊ लागला की थांबा. साधारण 30 अंशांचा हा कोन धरून ठेवायचा. दाब द्यायचा नाही, रेझरचं वजन पुरतं. हात आखूड मारा.

पहिले काही आठवडे फक्त सुलटा हात, म्हणजे केस वाढतात त्याच दिशेने. तुम्ही पहिल्याच दिवशी गळ्यावर उलटा हात मारल्याचं लिहिलंय. गळ्यावरचे केस सगळ्यांचे एका दिशेने वाढत नाहीत. अनेकांचे कानाकडे तिरके जातात, काहींचे खालून वर. बोटं फिरवून पाहा, जिकडे खरखरीत लागेल ती उलटी दिशा. दाढी झाल्यावर ओल्या चेहऱ्यावर तुरटी फिरवा. जिथे जास्त झोंबेल तिथे दाब जास्त पडलाय. मला स्वतःला तुरटीहून चांगला शिक्षक माहीत नाही.

पातं नकली असल्याच्या आरोपाबद्दल. दाट, राठ दाढीवर फेदर तीन-चार वेळा चालणं हे त्याचं नेहमीचं आयुष्य आहे. पोलादाची धार तिच्याहून कितीतरी मऊ केसाने का मोडावी, हा प्रश्न शास्त्रज्ञांनाही पडला होता. 2020 साली अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रविद्यापीठाच्या संशोधकांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवलं की धार नुसती झिजत नाही, केस ठरावीक कोनात ठरावीक जागी भिडला की धारेचे सूक्ष्म टवके उडतात. त्यात दाढीनंतर पातं टॉवेलने पुसलं तर धारेवरचा पातळ लेप निघतो. पातं पाण्याखाली धुवा, झटका आणि तसंच वाळू द्या. कार्ट्रिज महिनाभर चालतं हे खरं, पण त्याची किंमत आणि एका दुधारी पात्याची किंमत शेजारी ठेवून पाहा. तिसऱ्या दाढीनंतर पातं बदलताना हात आखडायचं काहीच कारण नाही.

चकाकीबाबत मात्र मी माझ्या मतावर ठाम आहे. तुमच्याकडचा नग पितळेचा आहे, वर निकेलचा मुलामा. निकेलचा रंग थोडा पिवळसर असतो, क्रोमसारखा आरसा त्यात दिसत नाही. डोक्याच्या खालच्या बाजूला ‘A 2’ अशी खूण आहे: 1955 सालची दुसरी तिमाही. नवा मुलामा द्यायचा तर आधी जुना उतरवून धातू घासावा लागतो, आणि त्या घासण्यात ही खूण बोथट होते, कधी पुसलीच जाते. विक्रीआधी दाखवलेले फोटो याच नगाचे होते, दांड्यावरचे दोन ओरखडे त्यांत दिसतात. वस्तूचं वय पुसून ती विकणं मला पटत नाही आणि ते मी करणार नाही.

स्वच्छतेबद्दल: प्रत्येक रेझर साबणाच्या पाण्यात धुतो, अल्ट्रासॉनिक (ध्वनिलहरींनी मळ सोडवणाऱ्या) यंत्रातून काढतो आणि 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून ठेवतो. त्वचेला कापणारा भाग म्हणजे पातं, आणि ते नेहमी नवंकोरं, सीलबंद असतं. जुन्या बाजारातून आम्ही माल घेतो, त्यात लपवण्यासारखं काही नाही. बुधवारी आणि रविवारी पुण्यात तिथे उत्तम पितळी वस्तू भंगाराच्या भावात वितळायला जाताना दिसतात. त्यातल्या थोड्या पुन्हा कुणाच्या तरी न्हाणीघरात पोचाव्यात, यासाठीच हे दुकान आहे.

एवढं करूनही रेझर नको असेल तर परत पाठवा, हाती येताच पूर्ण पैसे जमा करतो. पाठवण्याचा खर्चही आमचा. उघडलेली पाती मात्र परत घेता येत नाहीत. पण त्याआधी, पुण्यात येणं होत असेल तर एखाद्या शनिवारी दुकानात या. ब्रश, साबण, आरसा सगळं इथे आहे. तुमचाच रेझर आणि डर्बीचं पातं घेऊन दाढी करा, मी शेजारी उभा राहून कोन दाखवतो. फक्त दोन दिवस आधीपासून दाढी वाढू द्या, म्हणजे गळ्यावरच्या केसांची दिशा नीट पाहता येईल.