ओबामांच्या यादीआधीचा प्रतीक कुहाड : एका प्रतिक्रियेला जरा लांबलेलं उत्तर

नमस्कार. तुम्ही नाव लिहिलं नाहीत, 'एक जुना श्रोता' एवढीच सही केलीत, त्यामुळे काका म्हणू की दादा तेही कळेना, म्हणून आपलं नुसतं 'तुम्ही' म्हणते. उत्तराला उशीर झाला कारण पहिल्या दिवशी वाचून चिडले होते, दुसऱ्या दिवशी परत वाचलं तर अर्धं पटलं, मग गाणी पुन्हा ऐकत बसले.

ज्यांनी कमेंट वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. ह्यांचं म्हणणं असं की गायक-गीतकार प्रतीक कुहाडवरचा माझा लेख भक्ताने लिहिल्यासारखा झालाय, ओबामांनी आपल्या वर्षभरातल्या आवडत्या गाण्यांच्या यादीत घातलं नसतं तर ह्या मुलाला कुणी विचारलं नसतं, दोन भाषांत लिहिणं म्हणजे दोन्ही डगरींवर हात आणि त्यात एकही भाषा धड नाही, हिंदी गाण्यांत रूह, ख्वाब, राहें एवढ्याच भांडवलावर दुकान चालू आहे, आवाज एकसुरी, आणि मुळात मराठी ब्लॉगवर हे कशाला.

आधी ओबामांचं बघू कारण तिथे तुम्ही सरळ सरळ चुकताय. ती यादी आली २०१९ च्या डिसेंबरच्या शेवटी, त्यात त्याचं 'कोल्ड/मेस' होतं. हे गाणं आणि त्याच नावाचा ईपी, म्हणजे चार-सहा गाण्यांचा छोटा अल्बम, आला होता २०१८ मध्ये, म्हणजे दीड वर्ष लोक ते ऐकत होते, अभिनेता जिम सर्भ असलेला त्याचा व्हिडिओ फिरत होता. त्याच्या आधी २०१६ ला एमटीव्ही युरोप म्युझिक अवॉर्ड्समध्ये बेस्ट इंडिया अॅक्ट मिळालं होतं, त्याच्याही आधी २०१५ ला 'इन टोकन्स अँड चार्म्स' हा इंग्रजी अल्बम, आणि २०१३ चा 'रात राज़ी' तर पूर्ण हिंदी. यादीने त्याचं नाव ज्यांच्यापर्यंत कधीच गेलं नसतं अशा लोकांपर्यंत नेलं, पेपरात बातम्या आल्या, आमच्या बाबांनी तेव्हाच पहिल्यांदा नाव ऐकलं, हे सगळं खरं. पण गर्दी आधीपासून होती. गाणं तिथवर पोचलं कसं ह्याचं त्याला स्वतःलाच आश्चर्य वाटलं होतं, तसं त्याने तेव्हा लिहिलंही होतं.

जयपूरचा मुलगा, न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीत मॅथ्स आणि इकॉनॉमिक्स शिकला, तिथेच कन्सल्टिंगची नोकरी धरली, ती काही फार टिकली नाही, आणि दिल्लीत येऊन गाणी करायला लागला. आता न्यूयॉर्कला जाऊन शिकणं हे प्रत्येकाच्या नशिबात नसतं आणि नोकरी गेल्यावर गिटार घेऊन बसायची मुभाही सगळ्यांना नसते, हा तुमचा टोमणा मला मान्य आहे, मूळ लेखात मी तो मुद्दा गाळला होता. गाळायला नको होता.

आता भाषेचं, कारण खरं भांडण तिथे आहे. तुम्ही म्हणता एकही धड नाही. मी दोन दिवस दोन्हीकडची गाणी आलटून पालटून ऐकली आणि माझं मत असं झालंय की इंग्रजीत तो जास्त चांगला लिहितो आणि हिंदीत जास्त चांगला गातो, आणि ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'कोल्ड/मेस' घ्या. धरवतही नाही आणि सोडवतही नाही असं नातं, त्यात स्वतःचा कमीपणा, चिडचिड, लोचटपणा, सगळं तो इंग्रजीत उघडं करून ठेवतो, जवळजवळ बोलल्यासारखं. तोच माणूस हिंदीत आला की अंगावर शाल घेतो. 'तुम' आला की अदब येते, तक्रारसुद्धा मान खाली घालून होते. माझ्या मते ह्याचं कारण त्याला हिंदी कमी येतं हे नाही. हिंदीत प्रेमाचं गाणं लिहायला बसलं की सिनेमातल्या गाण्यांची सत्तर-ऐंशी वर्षं मानेवर बसलेली असतात, प्रत्येक शब्द आधीच कुणीतरी वापरून ठेवलेला. त्यातून तो कधी सुटतो कधी नाही. 'कसूर'मध्ये रूह, ख्वाब, राह सगळे आहेत, तुम्ही बरोबर पकडलंत, कागदावर वाचलं तर ती कविता म्हणून फार काही नाही.

पण गाऊन बघा ना. म्हणजे खरंच, दार लावून गाऊन बघा. हिंदी ओळ आ, ई, ओ वर संपते, स्वर हवा तेवढा लांबवता येतो, आणि 'तुम', 'हम' सारखे शब्द म वर मिटतात, तोंड बंद झालं तरी गुणगुणणं चालूच राहतं. इंग्रजी ओळ बऱ्याचदा ट, ड, स वर टक्कन तुटते. त्याचा आवाज मुळात लहान, हळू, ताना-बिना नाहीत, अशा आवाजाला हिंदीतली ती लांबवायला मिळणारी जागा फार मानवते. म्हणून हिंदी गाणी लोकांच्या ओठांवर बसतात आणि इंग्रजी गाणी लोक हेडफोन लावून एकटे ऐकतात, असं मला तरी दिसतं. आणि दोन श्रोतृवर्ग पकडायचे म्हणून दोन भाषा असत्या तर एकच गाणं दोन्हीकडे फिरवलं असतं, आपल्याकडे डबिंगची सवय आहेच की. त्याची ओळख झालेली गाणी बघा, हिंदी वेगळी, इंग्रजी वेगळी, एकाचं दुसऱ्यात केलेलं नाही.

आणि दोन भाषांत लिहिणाऱ्याला आपण मराठी लोकांनी तरी नावं ठेवू नयेत. 'जेजुरी' कोलटकरांनी इंग्रजीत लिहिली, १९७६ ला पुस्तक आलं, आणि मराठीत तेच कोलटकर काय लिहून बसलेत ते तुम्हाला मी सांगायला नको. (कुहाडला कोलटकरांच्या पंगतीत बसवत नाहीये हं, आधीच सांगते, नाहीतर पुढची कमेंट त्यावरच यायची.)

एकसुरीपणाचं म्हणाल तर हो. मी एका कॉन्सर्टला गेले होते, पहिली चार-पाच गाणी भारावून ऐकली, मग एक वेळ अशी आली की बोटांनी तारा छेडायची तीच पद्धत, तीच मध्यम लय, तोच कुजबुजता सूर, आणि मी मोबाईल बघायला लागले. तो ज्यांची नावं घेतो ते एलिअट स्मिथ, लॉरा मार्लिंगसारखे परदेशी गायक-गीतकार, हे सगळे हळू बोलणारेच लोक, त्यामुळे मूळ तिथे आहे, पण मूळ सापडलं म्हणून कंटाळा जातो असं नाही. २०२२ चा 'द वे दॅट लव्हर्स डू' तर मला बराचसा गुळगुळीत वाटतो. डिसेंबर २०२० मध्ये इलेक्ट्रा ह्या अमेरिकन कंपनीशी करार झाला, मग सिएटलजवळच्या स्टुडिओत रायन हॅडलॉकसारखा प्रोड्युसर घेऊन रेकॉर्डिंग, सगळं कसं नीटनेटकं, आणि त्या नीटनेटकेपणात 'कोल्ड/मेस'मधला तो ओरखडा कुठेतरी पुसला गेला. इथे तुम्ही माझ्या लेखाला भक्ताचा म्हणालात ते लागलं, कारण ह्या अल्बमबद्दल मी दोन गोड ओळी लिहून पुढे सटकले होते. मोठ्या लेबलवर गेलेल्याला इंडी, म्हणजे कंपन्यांपासून स्वतंत्र, म्हणायचं का हा तुमचा प्रश्न मला तितका महत्त्वाचा वाटत नाही, तो शब्द आता एका प्रकारच्या गाण्याचं नाव झालाय, बिलबुकाशी त्याचा संबंध कधीच सुटला.

महत्त्वाचं मला दुसरंच वाटतं. आपल्या देशात गाणं म्हणजे सिनेमातलं गाणं. ह्याने सिनेमाला नाही म्हटलेलं नाही, २०१६ च्या 'बार बार देखो'मध्ये जसलीन रॉयलसोबत गायलाय, २०१८ च्या 'कारवाँ'त 'साँसें' आहे. पण लोक तिकीट काढून जी गाणी ऐकायला येतात ती बहुतेक स्वतः लिहिलेली, स्वतः चाल लावलेली, कुठल्याही हीरोच्या तोंडी नसलेली. लॉकडाऊनमध्ये 'कसूर' आलं तेव्हा व्हिडिओत हीरो-हिरॉइन नाहीतच, आपापल्या घरी कॅमेऱ्यासमोर बसलेली माणसं, त्यांना प्रेमाबद्दल काही काही आठवायला सांगतात आणि आपण फक्त चेहरे बघत राहतो. मी तेव्हा घरात एकटी होते, चार महिने झाले होते, त्यामुळे त्या गाण्याबद्दल माझं मत निःपक्ष वगैरे समजू नका.

आणि मराठी ब्लॉगवर कशाला, तर त्यासाठीच. सिनेमाबाहेरचं, एका माणसाने हळू आवाजात सांगितलेलं खाजगी गाणं ह्याची सवय आपल्या कानांना गजाननराव वाटव्यांपासून आहे. भावगीत ऐकत मोठ्या झालेल्या माणसाला कुहाड परका वाटायचं कारण नाही, उथळ वाटला तर ते वेगळं, त्यावर भांडू.

हो, आणि 'कसूर'चं साल मी २०१९ लिहिलं होतं, ते जुलै २०२० आहे, चूक दाखवलीत त्याबद्दल आभार, लेखात दुरुस्त केलंय. आता एक करा, 'कोल्ड/मेस' राहू द्या, त्याच्याशी तुमचं जमणार नाही असं दिसतंय. 'तुम जब पास' ऐका, रात्री, मोबाईलच्या स्पीकरवर नको. नाहीच आवडलं तर इथे येऊन लिहा, फक्त ह्यावेळी नाव टाका म्हणजे काका की दादा ते तरी ठरेल.