लुकाचं सुतक

आमच्या घरात बास्केटबॉल कुणी बघत नाही, बास्केटबॉलचा हिशेब बघतात. टीव्हीवर सामना चालू असतो, चेंडू जाळीतून जात असतो, आणि सोफ्यावरची मंडळी फोनमध्ये मान घालून कुणाचा करार किती वर्षांचा आणि त्याच्या बदल्यात काय पदरात पडेल याचा खल करत असतात. ईएसपीएनचं 'ट्रेड मशीन' नावाचं एक खेळणं आहे. कुठलाही खेळाडू उचलून कुठल्याही संघात टाकायचा, सौदा नियमात बसतो की नाही ते मशीन सांगतं. माझा नवरा, नववीतले आमचे चिरंजीव आणि चार घरं पलीकडचे नागपूरकर काका या तिघांनी आम्ही राहतो त्या अमेरिकेतल्या डॅलसचा मॅव्हरिक्स हा संघ त्यावर इतक्या वेळा मोडून उभारलाय की खऱ्या संघात सध्या कोण खेळतं हे त्यांना आठवून सांगावं लागतं.

घराच्या कर्जाचा व्याजदर विचारला तर नवरा ईमेल शोधायला लागतो. पण पगारखर्चात 'सेकंड एप्रन' नावाच्या मर्यादेच्या वर गेलेल्या संघाला दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून एक बडा खेळाडू आणता येत नाही, हे तो झोपेत सांगेल. टेड स्टेपियन यांची कथा तर मी जेवताना कितीदा तरी ऐकली आहे. हे १९८०च्या सुमाराला क्लीव्हलंड संघाचे मालक होते. पुढच्या वर्षांचे नवे खेळाडू निवडायचे हक्क त्यांनी असे सढळ हाताने वाटले, की शेवटी एनबीए या लीगलाच नियम करावा लागला: पहिल्या फेरीचे लागोपाठच्या दोन वर्षांचे हक्क देऊन टाकायचे नाहीत. आपल्याकडे माणसाच्या नावाने चौक होतो, या गृहस्थांच्या नावाने मनाई आहे.

तर १ फेब्रुवारी २०२५, शनिवार. माघी गणेश जयंती. मोदकांची भांडी घासून मी नुकती आडवी झाले होते. रात्री सव्वाअकराला नवऱ्याचा फोन वाजला. पलीकडून काकांचा आवाज मलाही ऐकू आला, "झोपला काय बे? लुका गेला!"

मी ताडकन उठून बसले. "अगं बाई! कशानं?"

"ट्रेडनं," नवरा म्हणाला, आणि त्याने भिंतीला डोकं टेकवलं.

बातमी शॅम्स शरानिया या पत्रकाराने दिली होती, आणि पहिला अर्धा तास अख्ख्या डॅलसला वाटत होतं की त्याचं खातं कुणीतरी हॅक केलंय. कारण लुका डॉन्चिच पंचवीस वर्षांचा, आदल्याच हंगामात संघाला अंतिम फेरीत नेणारा. त्याला लॉस एंजेलिस लेकर्सला देऊन टाकलं होतं. बदल्यात आला एकतीस वर्षांचा अँथनी डेव्हिस, मॅक्स ख्रिस्टी नावाचा एक तरुण, आणि लेकर्सचा २०२९ सालचा पहिल्या फेरीचा हक्क. लुका आणि डेव्हिस या दोघांचाही पगार वर्षाला ४ कोटी ३० लाख डॉलरच्या आसपास, त्यामुळे हिशेब चोख जुळत होता. "मशीनमध्ये टाकून बघितलं, बसतंय," असं चिरंजीवांनी रडवेल्या आवाजात सांगितलं. वर्षानुवर्षं या लोकांनी त्या मशीनवर शेकडो सौदे केले. हा एक करायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी माझ्याकडे हळदीकुंकू होतं. रथसप्तमी मंगळवारी, म्हणजे हा शेवटचाच रविवार. सकाळी कळलं की अमेरिकन एअरलाइन्स सेंटर या संघाच्या स्टेडियमबाहेर, डर्क नोवित्झकी या जुन्या मॅव्हरिक्सवीराच्या पुतळ्यापाशी चाहते जमलेत आणि कुणीतरी चक्क शवपेटी आणलीय.

"जरा जाऊन येऊ का?" नवऱ्याने विचारलं.

"घरात सवाष्णी यायच्यात आणि तू मयताला निघालास?"

तो गेलाच. आल्यावर मी त्याला दारातूनच सांगितलं, आधी आंघोळ, मग तिळगुळाच्या डब्याला हात. मागून आलेले काका दारातच थबकले. म्हणाले, "वहिनी, पेटी रिकामी होती."

मला वाटलं होतं, बायका आल्या की विषय बदलेल. पहिल्याच पाहुणीने कुंकू लावून घेता घेता विचारलं, "डेव्हिसचं वय बघितलंस का?" तिच्या मुलाने सकाळपासून लुकाची ७७ नंबरची जर्सी काढली नव्हती आणि काही खाल्लंही नव्हतं. मग लुकाच्या तब्येतीचा विषय निघाला. त्याच्या वजनाची संघाला काळजी होती, असं छापून आलं होतं. "वजन वाढलं म्हणून कुणी माणूस देऊन टाकतं का?" एकीने विचारलं. त्यावर जी शांतता पसरली, त्यात बहुतेकींनी गाडी चालवून आपल्याला घेऊन आलेल्या आणि आता गॅरेजमध्ये बसलेल्या आपापल्या माणसाचा विचार केला असावा. वाण म्हणून मी चाळण्या दिल्या. कुणाच्या लक्षात राहिल्या नसतील.

पुढे घरात दोन पक्ष पडले. संघाचे कर्तेधर्ते निको हॅरिसन यांनी बचावाने विजेतेपदं मिळतात असं म्हटलं होतं. नवऱ्याने आठवडाभर सुतक पाळून तो पक्ष घेतला, मुख्यतः काकांना चिडवायला. ८ फेब्रुवारीला डेव्हिस पहिल्यांदा मैदानात उतरला. २६ गुण, १६ रिबाउंड, ७ असिस्ट. नवरा विजयी मुद्रेने काकांकडे बघत असतानाच डेव्हिसचा स्नायू दुखावला आणि तो आत गेला. त्याच्या पक्षाची सत्ता तिसऱ्या क्वार्टरपर्यंत टिकली. मार्चमध्ये संघातल्या दुसऱ्या बड्या खेळाडूचा, कायरी अर्विंगचा गुडघा गेला, तेव्हा तर काकांनीच येऊन सांत्वन केलं.

मला मात्र या सगळ्यात तो २०२९चा हक्क छळत होता. कारण हक्क म्हणजे काय, तर एक मुलगा. तो २०२५ मध्ये कुठेतरी नववी-दहावीत असणार. गणिताचा गृहपाठ राहिला म्हणून त्याची आई ओरडत असेल, आणि तिला पत्ताही नाही की लुकाच्या बदल्यात आलेल्यांत तिचा मुलगाही आहे. मी हे बोलून दाखवलं, तर चिरंजीव आरशासमोर उंची बघायला गेले. पाच फूट चार. परत येऊन म्हणाले, "बाबा, आपण हा हक्क पुढे कुणाला तरी देऊन टाकू."

९ एप्रिलला लुका लेकर्सकडून डॅलसमध्ये खेळायला आला. आधी संघाने त्याच्या आठवणींची चित्रफीत दाखवली, ती बघून तो बाकावर बसून रडला, आणि मग त्याने ४५ गुण करून आम्हाला हरवलं. काका मॅव्हरिक्सचा निळा टी-शर्ट घालून त्याच्या प्रत्येक बास्केटला टाळ्या पिटत होते. एरवी याला फितुरी म्हणतात. त्या रात्री स्टेडियमभर तेच चाललं होतं.

मे महिन्यात ड्राफ्टची, म्हणजे नवे खेळाडू कुणी आधी निवडायचे त्याची लॉटरी निघाली. मॅव्हरिक्सची पहिल्या क्रमांकाची शक्यता १.८ टक्के, आणि नेमका तोच नंबर लागला. कूपर फ्लॅग हा सगळ्यांच्या डोळ्यांत भरलेला पोरगा डॅलसला आला. "बघा, निको बरोबर होता!" नवरा ओरडला.

"लॉटरी लागली म्हणून घर विकणारा शहाणा होत नाही बे!" काका म्हणाले, आणि लॉटरी कशी ठरवून लावली गेली याचा फळ्यावर आकृती काढावी असा खुलासा त्यांनी चहाच्या दोन कपांमध्ये केला.

११ नोव्हेंबरला संघाने हॅरिसन यांना काढलं. काका पेढे घेऊन आले. मला वाटलं, संपलं एकदाचं. मी चहा ठेवून बाहेर येते तो टेबलावर लॅपटॉप उघडा आणि तिघांची डोकी त्यात.

"आता काय?"

"डेव्हिसला कुठे पाठवायचं ते बघतोय," नवरा म्हणाला.

"त्या बिचाऱ्याला विचारलंय का कुणी?"

चिरंजीवांनी मान वर केली. "आई, त्याच्या करारात नो-ट्रेडचं कलम नाहीये."