टंगस्टन ग्रॅनाइटच्या आचेनं 'वितळून' साचत नाही

काकांनी तो मेसेज पुढे ढकलला आणि खाली विचारलं, "त्या जमिनीत थोडे पैसे घालू का?" म्हणून लिहितेय, नाहीतर सोडून दिलं असतं. मेसेज सांगतो: ग्रॅनाइट संगमरवराला टेकतो तिथे संगमरवरातलं टंगस्टन उष्णतेनं वितळतं आणि शुद्ध धातूचा थर बनतो. हे दोन दगड शेजारी दिसले की खाली टंगस्टन हमखास. खात्रीसाठी यूव्ही टॉर्च मारा, दगड चमकला की झालं.

टंगस्टन वितळतं सुमारे ३,४२० अंश सेल्सिअसला. ग्रॅनाइटचा शिलारस साधारण ७०० ते ८०० अंशांचा. मग वितळवणार कोण? शिवाय संगमरवरात टंगस्टन असतं नावापुरतं. ते येतं ग्रॅनाइटकडून. शिलारस थिजताना आधी तयार होणाऱ्या खनिजांत टंगस्टनला जागा मिळत नाही. ते उरलेल्या रसात साठत जातं आणि शेवटी सुटणाऱ्या गरम, खारट पाण्याबरोबर बाहेर पडतं. हे पाणी भेगांतून संगमरवरात शिरलं की त्यातलं कॅल्साइट, म्हणजे संगमरवराचं मुख्य खनिज, मोडतं, कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि पाण्यातली सिलिका, लोह वगैरे कॅल्शियमशी जुळून गार्नेट, पायरॉक्सिन ही नवी खनिजं बनतात. या खडकाला म्हणतात स्कार्न. टंगस्टनही त्याच कॅल्शियमला धरून शीलाइट होतं, म्हणजे कॅल्शियम टंगस्टेट. धातूचा थर वगैरे काही नाही. स्कार्नमध्ये विखुरलेले दाणे असतात.

आइनाउडी, माइनर्ट आणि न्यूबेरी यांचा स्कार्नवरचा १९८१चा आढावा भूवैज्ञानिक आजही उघडतात. त्यातला क्रम असा: आधी खडक भाजतो, मग गार्नेट-पायरॉक्सिन, मग थंड होताना पाणी धरणारी खनिजं. शीलाइटचा बराच साठा या उतरत्या आचेच्या टप्प्यात होतो. मेसेजच्या बरोब्बर उलट!

एक मान्य करावंच लागेल: टास्मानियाजवळचं किंग आयलंड, कॅलिफोर्नियातलं पाइन क्रीक हे टंगस्टनचे साठे खरोखर ग्रॅनाइट-संगमरवराच्या सीमेवरचेच आहेत. पण बहुतेक सीमा रित्या असतात, आणि दक्षिण कोरियातल्या सांगडाँगला ग्रॅनाइट वर दिसतच नाही, तो खोल ड्रिलिंगमध्ये सापडला. 'शेजारी दिसले की हमखास' इथेच संपलं.

टॉर्चचं प्रकरण मात्र धोक्याचं. शीलाइट निळसर-पांढरं चमकतं हे खरं, पण त्याला २५४ नॅनोमीटरच्या आसपासचे लघुलहरी किरण लागतात. स्वस्त टॉर्च ३६५ किंवा ३९५च्या असतात. त्यांच्याखाली चमकतं ते बहुधा कॅल्साइट किंवा फ्लोराइट, आणि संगमरवर म्हणजे कॅल्साइटच की! खरा लघुलहरी दिवा आणलात तर तो डोळे भाजतो, त्याला संरक्षक चष्मा हवा. आणि शीलाइट चमकलंच, तरी ते किती आहे हे चमक सांगत नाही.

काका, त्या माणसाकडे ड्रिलिंगच्या नमुन्यांचा प्रयोगशाळेचा अहवाल मागा. टॉर्चचा व्हिडिओ दाखवला तर फोन ठेवून द्या.