एका शितावरून अख्खा भात नासका ठरवणाऱ्यांसाठी

परवा आमच्या जुन्या गेमिंग कॅफेच्या ग्रुपवर तो मेसेज परत आला. तुम्हालाही आला असेलच, कारण आपली कुठली तरी ईस्पोर्ट्सची, म्हणजे व्हिडिओ गेमची, टीम बाहेर जाऊन हरली की तो नव्याने फिरायला लागतो. मजकूर थोडक्यात असा की इंडियन प्लेयर म्हणजे चीटर, पुरावा काय तर वर्ड डॉट एक्झी (ही काय भानगड ते खाली सांगतो), बाहेरच्या देशात असलं काही होत नाही, कोरियन पोरं जन्मापासूनच वेगळी असतात, त्या कांडानंतर टीमच बंद केली म्हणजे सगळेच सामील होते, आणि शेवटी फुकटचा सल्ला, बाहेरच्या सर्व्हरवर खेळताना प्रोफाइलवरचा तिरंगा काढून टाका, इज्जत वाचेल. खाली तीन हसणारे इमोजी. त्यावर आमच्यातल्याच एका शहाण्याने लिहिलं, "शितावरून भाताची परीक्षा."

म्हण बरोबर आहे भावा, पण तू कधी कुकर लावला नाहीस. शितावरून भात कळतो कारण सगळा तांदूळ एकाच पातेल्यात, एकाच पाण्यात, एकाच आचेवर शिजलेला असतो. डोंबिवलीतला मी, दिल्लीतला कोणी आणि गुवाहाटीतला कोणी, आमचं पातेलं कधी एक होतं?

आधी झालं काय ते सांगतो, कारण निम्म्या पोरांनी फक्त मीम बघितलंय. ऑक्टोबर २०१८, शांघाय, एक्स्ट्रीम्सलँड नावाची आशियातली काउंटर-स्ट्राइक या बंदुकीच्या गेमची स्पर्धा, ऑप्टिक इंडिया विरुद्ध व्हिएतनामची रेव्होल्यूशन. मॅच मध्येच थांबते, अ‍ॅडमिन येऊन ऑप्टिकच्या फोर्सेकन नावाच्या प्लेयरच्या खुर्चीमागे उभा राहतो आणि पीसी तपासायला मागतो, आणि हा पठ्ठ्या बाजूला व्हायचं सोडून अ‍ॅडमिन शेजारी उभा असताना घाईघाईने फाइल बंद कर, उडव, असले उद्योग करत बसतो. त्या फाइलचं नाव वर्ड डॉट एक्झी, आणि ती होती एमबॉट, म्हणजे तुमच्याऐवजी नेम धरणारा प्रोग्राम. (यातली मला कायम खटकणारी गोष्ट वेगळीच आहे. खऱ्या मायक्रोसॉफ्ट वर्डच्या फाइलचं नाव विनवर्ड डॉट एक्झी असतं. म्हणजे सोंग घेतलं तेही धड नाही.) टीम स्पर्धेतून बाद झाली, ऑप्टिकने इंडियातला गाशाच गुंडाळला, आणि ईस्पोर्ट्समधल्या फसवणुकीची प्रकरणं बघणारी ईसिक नावाची संस्था आहे तिने त्याच्यावर ५ वर्षांची बंदी घातली. योग्यच घातली. त्याची बाजू घ्यायला मी इथे बसलेलो नाही, हे आत्ताच सांगतो, नाहीतर कमेंटमध्ये तेच सुरू होईल.

आता तो "बाहेर असलं होत नाही" वाला मुद्दा. अरे बाबा, चार वर्षं मागे जा. नोव्हेंबर २०१४, स्वीडनमधलं ड्रीमहॅक विंटर, ही मेजर होती, म्हणजे काउंटर-स्ट्राइकचा वर्ल्ड कपच म्हणा. स्पर्धा आठवड्यावर आली असताना फ्रान्सच्या टायटन टीमचा केक्यूएलवाय हा प्लेयर गेम बनवणाऱ्या वॉल्व्ह कंपनीच्या चीटर पकडणाऱ्या अँटी-चीटमध्ये सापडला, टायटन बाहेर. दुसऱ्या एका फ्रेंच टीमचा प्लेयरही त्याच लाटेत गेला, एक जर्मनही गेला. म्हणजे आपल्यापेक्षा मोठं कांड, मोठी स्पर्धा, आणि एकाच देशाचे दोघे. मग फ्रान्सचं नाव बुडालं का? तर ती मेजर जिंकली कोणी माहितेय? एलडीएलसी. फ्रेंच टीम! ज्या स्पर्धेतून फ्रेंच पोरांना चीटर म्हणून हाकललं त्याच स्पर्धेचा कप फ्रेंच पोरांनी उचलला, आणि लोकांनी काय केलं, तर केक्यूएलवायच्या नावाने मीम केलं. उडी मारता मारता कोणी हेडशॉट मारला की आजही जुने लोक "केक्यूएलवाय स्टाइल" म्हणतात. नीट बघा, डाग माणसाच्या नावावर बसला. आपल्या केसमध्ये उलटं झालं, फोर्सेकन हे नाव आज बाहेरच्या किती पोरांना आठवेल शंका आहे पण वर्ड डॉट एक्झी सगळ्यांना पाठ आहे, आणि ते टाइप होतं ते त्याला नाही, मला होतं, तुम्हाला होतं, ज्याच्या आयडीत सिंग, पटेल, पाटील दिसेल त्याला होतं.

का, तर माझं मत असं की फ्रान्सच्या झेंड्याखाली दाखवायला आधीच बरंच काही होतं, त्या ढिगात केक्यूएलवाय एक खडा. आपल्या झेंड्याखाली जगाने बघितलेली गोष्ट एकच, ती म्हणजे तो व्हिडिओ. हा सगळा हिशोब दिसण्याचा आहे, रक्ताचा नाही.

आणि फ्रान्सच कशाला. ऑगस्ट २०१४ मध्ये अमेरिकेच्या आयबायपॉवर टीमने मुद्दाम मॅच हरून दिली, जानेवारी २०१५ मध्ये वॉल्व्हने त्या प्रकरणात बॅन टाकले. रशियाचा सोलो, डोटा या दुसऱ्या गेमवाला, २०१३ मध्ये स्वतःच्याच टीमच्या विरोधात पैज लावून ३२२ डॉलर कमवायला गेला आणि सापडला, तेव्हापासून जगात कुठेही कोणी डोटात फालतू चूक केली की चॅटमध्ये ३२२ पडतं. कुणालाही पडतं हां, फक्त रशियनला नाही. नंतर तोच सोलो व्हर्टस प्रो या तगड्या टीमचा कॅप्टन म्हणून मोठमोठे कप जिंकला. मग सप्टेंबर २०२० मध्ये तर कोचच सापडले. गेममध्ये एक बग होता, त्याने कोचचा कॅमेरा मॅपवर एका जागी अडकून राहायचा आणि समोरच्या टीमच्या हालचाली दिसायच्या, तर ईसिकने त्यात ३७ कोचना बॅन केलं. सदतीस! डेन्मार्कचे, ब्राझीलचे, कुठले कुठले. त्या ३७ जणांवरून कोणत्या देशाचा भात तपासायचा ते त्या शहाण्याने सांगावं.

कोरियाचं जरा निवांत बोलू, कारण हा मुद्दा पोरं फार भक्तिभावाने मांडतात. कोरियन पोरांच्या बोटातच काहीतरी असतं म्हणे. बोटात नसतं रे. १९९८ ला स्टारक्राफ्ट हा गेम आला तेव्हा तिकडे घरोघरी वेगवान इंटरनेट येत होतं, गल्लोगल्ली पीसी बँग निघाले होते, पीसी बँग म्हणजे आपला सायबर कॅफेच पण खुर्ची धड आणि एसी चालू असलेला, पुढे टीव्हीवर गेमिंगची चॅनेल आली, टीमची घरं आली जिथे पोरं राहून दिवसभर तेच करायची. इकडे आमच्या कॅफेत चार वाजता लाइट गेली की क्लच करणाऱ्याचं, म्हणजे एकटा उरून राउंड खेचणाऱ्याचं, तोंड बघण्यासारखं व्हायचं. वीस वर्षं तसा सराव केल्यावर कोणाचीही बोटं चालतील, आणि ते बोटातच असतं तर २०१८ ला ब्लिझकॉन या मेळाव्यात फिनलंडचा सेरल कोरियाच्या स्टॅट्स नावाच्या प्लेयरला ४-२ ने हरवून स्टारक्राफ्ट टू चा वर्ल्ड चॅम्पियन झालाच नसता. त्याच्या आधी कोरियाबाहेरच्या कोणाला ते जमलं नव्हतं, आणि आधीची सगळी वर्षं लोक शपथेवर सांगत होते की जमणारच नाही.

बरं, शिस्तीचं म्हणाल तर २०१० मध्ये कोरियाच्याच ईस्पोर्ट्स असोसिएशनने मॅच फिक्सिंगसाठी ११ प्लेयरवर कायमची बंदी घातली, त्यात सेव्हिअर होता, म्हणजे त्या काळातला सगळ्यात मोठ्या नावांपैकी एक. पुढे लाइफ नावाचा पोरगा, २०१४ चा वर्ल्ड चॅम्पियन, त्याला २०१६ मध्ये पैसे घेऊन मॅच हरल्याबद्दल अटक झाली. जगज्जेत्याला अटक! आपल्याकडे असं झालं असतं तर तो मेसेज पाच पानांचा झाला असता.

"टीम बंद केली म्हणजे सगळे सामील." बंदी एकावर आली. बाकी चौघांवर नाही आली. कंपनीने दुकान बंद केलं कारण तिला तिच्या नावाची काळजी होती, एवढंच. टायटनमध्ये त्या केक्यूएलवायच्या शेजारी केनीएस आणि एपेक्स बसायचे, ते दोघे पुढच्याच वर्षी दुसऱ्या टीमकडून रोमानियातल्या क्लुजची मेजर जिंकले, आणि एपेक्स तर २०२३ ला पॅरिसमध्ये व्हायटॅलिटीचा कॅप्टन म्हणून घरच्या लोकांसमोर कप उचलत होता. त्याला कोणी विचारलं नाही की २०१४ ला तुझ्या शेजारचा काय करत होता. आपल्या चौघांना मात्र जन्मभर तेच.

एक मुद्दा मेसेजमध्ये नाही पण खालच्या कमेंटमध्ये होता आणि तो मला जास्त प्रामाणिक वाटला. एकाने लिहिलं, "मला भेटलेले दहापैकी नऊ चीटर इंडियनच होते." असतील ना! तू मुंबई सर्व्हरवर खेळतोस. तिथे तुला भेटणारे चांगले पण इंडियन, वाईट पण इंडियन, माइकवर कुकरच्या शिट्ट्या ऐकवणारे पण इंडियन. दादरला उभं राहून पाकीटमार मोजलेस तर त्यात नॉर्वेचा कोण येणार? आणि खरं सांगू का, त्या नऊपैकी चार तरी चीटर नसून नुसते तुझ्यापेक्षा चांगले असतील, मला स्वतःला तीनदा रिपोर्ट केलंय आणि माझा नेम बघितलात तर तुम्हाला हसू येईल.

आपल्याकडे चीटिंग होत नाही असं मी म्हणतच नाहीये. होतं, आणि फोर्सेकनच्या बाबतीत जास्त लागणारी गोष्ट ही की शांघायच्या आधीही त्याच्यावर बंदीचं प्रकरण झालं होतं आणि तरी तो इतक्या मोठ्या टीममध्ये पोचला. इथे आपल्या सीनची चूक आहे, ती मान्य करू. पण ती चूक निवडणाऱ्यांची, तपासणाऱ्यांची, "पोरगा मारतो ना, मग घे" म्हणणाऱ्यांची. देशाची कशी?

आमच्या कॅफेत काउंटर-स्ट्राइक १.६ च्या दिवसात एकाने पेन ड्राइव्हवरून वॉलहॅक टाकला होता. भिंतीआडून एकेक जण असा टिपत होता की सात नंबरच्या पीसीमागे गर्दी जमली, कोणीतरी म्हणालं दादा इकडे या जरा, कॅफेवाले दादा आले, हातात चहाचा ग्लास तसाच, दोन राउंड शांतपणे बघितले आणि काही न बोलता खाली वाकून प्लग काढला. पंधरा दिवस एंट्री बंद. त्याला. त्याच्या अख्ख्या चाळीला नाही, चाळीतली बाकीची पोरं दुसऱ्या दिवशी त्याच पीसीवर दहा रुपये देऊन बसली होती. दादांना जे कळलं ते या मेसेजवाल्याला कळत नाही.

आता "आपलं नाव कधी सुधरणार नाही" हे रडगाणं. शांघायच्या आधी दोनच महिने जकार्ताच्या एशियन गेम्समध्ये ईस्पोर्ट्स प्रात्यक्षिक खेळ म्हणून होता, त्यात भुजच्या तीर्थ मेहताने हार्थस्टोन या पत्त्यांच्या गेममध्ये ब्राँझ आणलं. ग्रुपवर विचारलं, वीसपैकी दोघांना माहीत होतं. २०२२ ला बर्मिंगहॅमच्या कॉमनवेल्थ ईस्पोर्ट्समध्ये आपल्या डोटा टीमनेही ब्राँझ आणलं, ते तर एकालाच. बाहेरच्यांना काय नावं ठेवायची, आपणच एक व्हिडिओ शंभरदा फॉरवर्ड करतो आणि मेडल एकदाही नाही.

आणि नाव बदलतं, डोळ्यादेखत बदलतं. डोटात अमेरिकेच्या सर्व्हरवर पेरूची पोरं टीममध्ये आली की लोक लॉबी सोडायचे, इतकं त्यांचं नाव खराब. (फळ नाही, देश.) २०१९ ला त्याच शांघायमध्ये इंटरनॅशनल, म्हणजे डोटाचा वर्ल्ड कप, झाली, पेरूची इन्फेमस टीम पहिल्या आठात. २०२२ ला सिंगापूरला थंडर अवेकन पहिल्या सहात. शेजारी बघायचं तर टेकन या मारामारीच्या गेममध्ये पाकिस्तानचं नाव २०१९ पर्यंत बाहेर कोणाच्या खिजगणतीत नव्हतं, मग लाहोरचा अर्सलान अ‍ॅश आला, व्हिसाच्या भानगडीतून कसाबसा जपानला पोचून इव्हो जपान ही स्पर्धा जिंकला आणि त्याच वर्षी लास वेगासची इव्होही. वर बाहेर सांगितलं काय, तर घरी माझ्यासारखे अजून आहेत. कोरियाचा नी, टेकनमधला मोठा माणूस, बघायला स्वतः पाकिस्तानला गेला. रक्त तेच, देश तोच, वर्ष फक्त बदललं.

राहिला तिरंगा काढायचा सल्ला. मी काही काढलेला नाही. मागच्या आठवड्यात रात्री मुंबईला लॉबी लागेना म्हणून दुबईवर गेलो, तिसऱ्या राउंडला चुकून दोन हेडशॉट बसले, लगेच माझ्याच टीममधल्या एकाने चॅटमध्ये टाकलं, वर्ड डॉट एक्झी. मी लिहिलं, विनवर्ड डॉट एक्झी, स्पेलिंग तरी नीट लिही. तो म्हणे म्हणजे काय. म्हटलं टास्क मॅनेजर उघड आणि बघ. अर्धा मिनिट गप्प, मग हसण्याचा इमोजी आला. पुढच्या राउंडला त्याच्याकडे बंदूक घ्यायला गेममधले पैसे नव्हते, मला म्हणाला ब्रो ड्रॉप. एके टाकली त्याच्या पायाशी.