नॉब फिरला म्हणून पॅरामेट्रिक होत नाही, राजेहो

नागपुरातल्या साउंडवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘मिक्सरवर मिडची फ्रिक्वेन्सी फिरवायचा नॉब असला की तो पॅरामेट्रिक. आणि रॅकमध्ये 31 बँडचा ग्राफिक असेल तर पॅरामेट्रिकची गरजच नाही, त्यात बँड जास्त.’ दोन्ही इक्वलायझरचे, म्हणजे आवाजातल्या जाड-बारीक पट्ट्या चढवण्या-उतरवण्याच्या साधनाचे, प्रकार: ग्राफिकवर ठरलेल्या पट्ट्यांचे (बँडचे) स्लायडर, पॅरामेट्रिकवर पट्टी आपण निवडायची; मिड म्हणजे मधली पट्टी. गणपतीच्या तोंडावर याच भरवशावर लोक सामान घेतील, म्हणून हा खटाटोप.

आधी नॉब. अमेरिकन साउंड इंजिनिअर जॉर्ज मॅसेनबर्ग यांनी 1972 मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या अधिवेशनात पॅरामेट्रिक इक्वलायझेशनवर निबंध मांडला. अट तेव्हापासून तीच: फ्रिक्वेन्सी, बूस्ट-कट (किती चढवायचं-उतरवायचं) आणि पट्टीची रुंदी, म्हणजे क्यू (क्यू मोठा, तर पट्टी अरुंद), तिन्ही आपल्या हातात हव्यात, एकीला हात लावला तर बाकीच्या दोन हलता कामा नयेत. छोट्या ॲनालॉग मिक्सरच्या मिडला बहुधा पहिल्या दोनच मिळतात, रुंदी कंपनीनं ठरवलेली. हा सेमी-पॅरामेट्रिक. निवेदकाचा आवाज सुधारायला तो पुरतो, पण नाव चोरू नये.

क्यूचा नॉब असला तरी एकदा तपासा. 1 किलोहर्ट्झचा टोन सोडा, 6 डीबी बूस्ट द्या, मीटर सगळ्यात वर जाईल तिथं फ्रिक्वेन्सी थांबवा. आता फक्त क्यू फिरवा. मीटर हललं, तर नॉब एकमेकांच्या कामात लुडबुड करताहेत.

आता 31 बँड. वर्धा रोडवरच्या लॉनवर लग्न आहे आणि माइक 560 हर्ट्झला घूं करतोय. ग्राफिकवर 500 आहे, 630 आहे, मधे काही नाही. दोन्ही स्लायडर ओढले की घूं जातं, सोबत बोलणाऱ्याच्या आवाजातला भरीवपणाही जातो. पॅरामेट्रिकवर 560, क्यू 20, 9 डीबी कट: 560 भागिले 20, म्हणजे 28 हर्ट्झची खाच, बाकी आवाज शाबूत. (घाईत ग्राफिकवर हात लवकर चालतो, हे मान्य.)

‘बँड जास्त’ यात दम नाही. जागच्या जागी खिळलेले 31 काय, 62 काय!

आणि ‘गरजच नाही’ म्हणणाऱ्यांपैकी कित्येकांच्या डिजिटल मिक्सरच्या प्रत्येक चॅनलवर चार बँडचा पुरा पॅरामेट्रिक आधीच बसलेला असतो. फक्त पहिला आणि शेवटचा बँड शेल्फवर (त्या फ्रिक्वेन्सीपासून टोकापर्यंत सगळंच चढवणारा-उतरवणारा) असेल तर बेलवर (फक्त तिच्या आजूबाजूचं) घ्या, नाहीतर ती बारीक खाच तिथं पडणार नाही.