‘पाणी पाहाले १४ हजार काहून?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ,

तुमची प्रतिक्रिया आली त्याच रात्री उत्तर लिहायला बसलो होतो. पण ते रागात लिहिलं गेलं, म्हणून पुसून टाकलं. मग कपाटातून बिल काढलं, आणि राग तुमच्यावरून माझ्यावर आला. म्हणून हा उशीर.

ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पेंचच्या पाण्याकाठच्या एका महागड्या रिसॉर्टवर मी लेख लिहिला होता. आई, बायको आणि मी डिसेंबरात तिथे एक रात्र राहिलो, आणि शेवटी ‘पैसे वसूल’ असा शेरा मी मारला. त्यावर ‘रामटेकचा पोट्टा’ या नावानं हे आलं (खिंडसी म्हणजे रामटेकजवळचा तलाव):

“भाऊ, पाणीच पाहाचं होतं तं खिंडसीले या ना, फुकटात दिसते. एका रात्रीचे १४ हजार देऊन वरून लोकायले सांगून राहिले का वसूल झाले म्हणून! पेड पोस्ट हाय का हे? पूरं बिल टाका न एकदा. तेवढ्या पैशात आमच्याकडचा माणूस महिना काढते.”

पेड पोस्टचं आधी मिटवू. नाही. पैसे माझ्याच कार्डावरून गेले. रिसॉर्टचं नाव मी लेखात घेतलं नव्हतं, इथेही घेत नाही. नाव गाळून जाहिरात करणारा माणूस मला तरी अजून भेटलेला नाही.

पण ‘पूरं बिल टाका’ म्हणालात, तिथे मी सापडलो. १४ हजार हा वेबसाइटवर दिसणारा खोलीचा दर. आईसाठी जास्तीचा पलंग २ हजार. झाले १६. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २,८८०. संध्याकाळचा चहा-भजी आणि रात्रीचं जेवण मिळून ४,६००, त्यावरही १८ टक्के, म्हणजे ८२८. एकूण २४,३०८ रुपये. डिझेल वेगळं. म्हणजे मी लिहिले १४ आणि दिले २४. लेख लिहिताना मी मुद्दाम लपवलं असं नाही, पण डोक्यात वेबसाइटवरचाच आकडा बसला होता. वेबसाइट तो आकडा तेवढ्या मोठ्या अक्षरात लिहिते ती त्यासाठीच.

जेवणाच्या बिलात तर आधी १० टक्के सेवा शुल्कही होतं, ४६० रुपये. ते मी काढायला लावलं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२२ मध्येच सांगितलंय की हे शुल्क परस्पर बिलात घालायचं नाही, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानंही ते उचलून धरलं. काउंटरवरच्या पोरानं एका शब्दानं वाद घातला नाही, लगेच दुसरं बिल काढलं. मागेल त्याचं काढायचं, न मागेल त्याचं राहू द्यायचं, असंच तिथे ठरलेलं दिसलं.

या कराचं गणित जरा सांगतो, कारण लेखात ते यायला हवं होतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून एका दिवसाचा खोलीचा दर ७,५०० रुपयांपर्यंत असेल तर जीएसटी ५ टक्के, त्याच्या वर गेला की सरळ १८. म्हणजे ७,५०० ची खोली पडते ७,८७५ ला आणि ८,००० ची पडते ९,४४० ला. दरात फरक पाचशेचा, खिशात दीड हजाराचा. शिवाय ज्या हॉटेलात मागच्या आर्थिक वर्षात एखादी जरी खोली साडेसात हजारांच्या वर गेली असेल, तिथल्या जेवणावरही १८ टक्के लागतात. रस्त्यावरच्या ढाब्यावर त्याच जेवणाला ५. आमच्या ताटात ‘लोकल थाळी’ म्हणून पाटवडी रस्सा आला होता. आईनं एक घास घेतला, म्हणाली, “खसखस नाही यात,” आणि पुढे निमूटपणे दहीभात खाल्ला. त्या दहीभातावरही १८ टक्के.

आता खिंडसी. भाऊ, खिंडसी मला शिकवू नका. शाळेची सहल, कॉलेजातल्या गाड्या, लग्नानंतरचा पहिला रविवार, सगळं खिंडसीलाच झालंय. रामटेकच्या गडावरून संध्याकाळी जे दिसतं ते कुठल्याच रिसॉर्टच्या गॅलरीतून दिसत नाही, हे मी स्टँपपेपरवर लिहून देतो. पाणी फुकट आहे हेही कबूल. नवेगाव खैरीच्या धरणातून पेंचचं पाणी नागपूरला येतं, म्हणजे ज्या पाण्याकडे बघायला मी एवढे मोजले, तेच रोज सकाळी माझ्या नळाला येतं.

पण देखावा फुकट असतो, संडास नसतो. आई ७१ वर्षांची आहे, दोन्ही गुडघे गेलेत. खिंडसीला आम्ही तिला शेवटचं नेलं तेव्हा ती गाडीतून उतरलीच नाही. उतरून बसायचं कुठे, आणि मध्येच जावं लागलं तर कुठे, हे दोन प्रश्न तिनं काच वर करून विचारले. आम्ही काठावर भजी खाऊन आलो, तिच्यासाठी कागदात बांधून आणली.

या वेळी काय झालं ते सांगतो. सकाळी सहाला मला जाग आली तर तिचा पलंग रिकामा. बाहेर व्हरांड्यात ती शाल गुंडाळून वेताच्या खुर्चीत बसली होती, पाय समोरच्या स्टुलावर. पाणी दिसतच नव्हतं, नुसतं धुकं. पावणेसातच्या सुमारास उजाडायला लागलं आणि धुक्यातून एक वठलेलं खोड वर आलं, त्यावर पाणकावळा पंख पसरून वाळवत बसलेला. दोरीवर कुणी काळा कोट टाकावा तसा. आई त्याच्याकडे बघत होती. मग तिनं विचारलं, “हे पाणी कुठं जातं रे?” मी म्हणालो, “आपल्याच घरी. नळाला हेच येतं.” ती म्हणाली, “मग घरी बकेटीतच पाहिलं असतं.” आणि पुढे दोन तास जागची हलली नाही. आठला चहा तिथेच, नऊला नाश्ताही तिथेच. फक्त मध्ये दोनदा आत संडासला जाऊन आली, आठ पावलांवर.

‘वसूल’ मी लिहिलं ते यावरून. लेखात आई दीड ओळीत आटोपली होती आणि खोलीच्या पडद्यांवर परिच्छेद होता, म्हणून तुम्हाला ते पैशांचा माज वाटलं असेल तर दोष तुमचा नाही.

आणखी एक गोष्ट मी लेखात टाळली. दोन वर्षांपूर्वी मी असाच एक महागडा रिसॉर्ट ताडोबाकडे घेतला होता, दोन मित्रांबरोबर. तिथे एक पैसाही वसूल झाला नाही, आणि चूक रिसॉर्टची नव्हती. आम्ही तीन सफारी काढल्या होत्या. साडेचारला गजर, अंधारात जिप्सी, अकराला धुळीनं माखून परत. जेवलो, आडवे झालो, दोनला पुन्हा गेटावर. परत आलो तोवर अंधार. खोलीबाहेर आमच्यापुरता छोटा तलाव होता, त्याच्या काठी टॉवेलाचा हंस करून ठेवलेला. निघायच्या दिवशीही तो हंस जसाच्या तसा होता. आंघोळसुद्धा आम्ही बादलीनं केली, घाईत. आणि जंगलात आमच्याच जिप्सीमागे तीन किलोमीटरवरच्या साध्या होमस्टेतली माणसं होती. गेट तेच, गाडी तशीच सहा जणांची, आणि वाघ त्यांनाच दिसला.

म्हणून मी आता दिवसाउजेडाचे तास मोजतो. दुपारी दोनला खोली मिळते, दुसऱ्या दिवशी अकराला सोडायची. डिसेंबरात आपल्याकडे साडेपाचच्या सुमारास सूर्य जातो आणि पावणेसातला येतो. म्हणजे खोलीतून काही दिसेल असे जेमतेम पावणेआठ तास हातात. एक संध्याकाळची आणि एक सकाळची सफारी घेतली की त्यातले जवळपास सगळे गेले. वाघासाठी जाणाऱ्यानं गेटाजवळची स्वच्छ, स्वस्त खोली घ्यावी. वनविभागाची, एमटीडीसीची, होमस्टेतली, कुठलीही. महागडी खोली ज्याला जंगलात जायचंच नाही त्याच्यासाठी. लोक नेमकं उलटं करतात. मीही केलं.

आणि तुलना १४ हजार विरुद्ध शून्य अशी करू नका. त्याच रिसॉर्टमध्ये ‘गार्डन व्ह्यू’ खोली ९,५०० ला होती. (गार्डन व्ह्यू म्हणजे बोगनवेल, आणि बोगनवेलीमागे ओळीनं उभ्या इनोव्हा.) पाण्याकडच्या खोलीचे ४,५०० जास्त, करासह ५,३१०. गाद्या, नळ, नाश्ता दोन्हीकडे एकच. तेव्हा देखाव्याची किंमत पाच हजार तीनशे दहा, बाकी सगळी पलंगाची आणि पंख्याची. आईचे ते तीन तास पाच हजारांचे होते का? माझ्यासाठी होते. बोगनवेलीसमोर ९,५०० द्यायचे का? अजिबात नाही, त्यापेक्षा घरी झोपावं.

तुम्ही विचारलं नाहीत, पण ‘वसूल’ म्हणताना दोन तक्रारीही मी गिळल्या होत्या. पेंचला जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे तारे दिसावेत म्हणून रात्रीचा उजेड कमी ठेवलेली जागा, म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी आसपासच्या गावांतले रस्त्यावरचे दिवे बदलून खाली तोंड केलेले लावले गेले. गावांनी आपले दिवे झाकले, आणि या रिसॉर्टनं प्रत्येक झाडाला लाइटच्या माळा गुंडाळल्या. तारे बघायला आम्ही लॉनवर गेलो तर जांभळ्या उजेडात बायकोचे दातच तेवढे चमकत होते. दुसरी तक्रार डीजेची. कुठल्याशा कंपनीची सहल आली होती. रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद असतो हा नियम रिसेप्शनवर मीच जाऊन सांगितला, सव्वादहाला. बंद व्हायला पावणेअकरा झाले. आता मी बुकिंगच्या फोनवर आधी हेच विचारतो, त्या तारखेला लग्न किंवा पार्टी आहे का. समोरचा ‘नाही सर’ लगेच म्हणाला तर आहे, ‘बघून सांगतो’ म्हणाला तर विश्वास ठेवतो.

आणि पाणी किती आहे हेही विचारा. हे जलाशय आहेत, समुद्र नव्हे. नागपूर पितं, शेतं पितात, आणि मे महिन्यापर्यंत पाणी इतकं मागे सरकतं की व्हरांड्यासमोर भेगा पडलेला चिखल आणि पलीकडे कुठेतरी चकाकणारी रेघ उरते. वेबसाइटवरचे फोटो बहुतेक पावसाळा संपतानाचे. दर मात्र मे महिन्याच्या सुट्ट्यांत उतरत नाही, कारण तेव्हा वाघ पाण्यावर येतो. म्हणजे देखावा सगळ्यात वाईट आणि गर्दी सगळ्यात जास्त.

याचं उलटं टोक ऑगस्ट. जुलै ते सप्टेंबर गाभा क्षेत्रातल्या सफारी बंद असतात, म्हणून रिसॉर्ट ओस पडतात. मी परवाच फोन केला. तीच पाण्याकडची दोघांची खोली ऑगस्टात, मधल्या वारी, ७,२०० ला देतो म्हणाला. साडेसात हजारांच्या आत आली, म्हणजे कर ५ टक्के, हातात ७,५६०. डिसेंबरात तीच खोली करासह १६,५२० ला होती. जेवणावरचे १८ टक्के मात्र सुटत नाहीत, तो हिशोब मागच्या वर्षाच्या दरावर चालतो. तेव्हा डबा नेणार आहे. पाऊस, भरलेलं पाणी, आणि जंगलात जायची सोयच नसल्यामुळे दिवसभर व्हरांड्यात बसण्याची सक्ती. मला हेच हवंय.

एवढ्या पैशात एक माणूस महिना काढतो, या तुमच्या वाक्याला मी फाटे फोडणार नाही. ते खरं आहे आणि बिल बघताना ते मलाही टोचलं. पुढच्या वेळी जाताना तुमच्या बाजूच्या होमस्टेत एक रात्र काढून त्यावरही लिहीन, असं ठरवलंय. खोलीतच कमोड असलेलं आणि पायऱ्या नसलेलं घर माहीत असेल तर इथेच कळवा.

मूळ लेखात आकडा दुरुस्त केला आहे. १४ हजारांच्या जागी २४,३०८ टाकलेत, खाली तुमचे आभारही मानलेत. आईला मात्र मी खोली अडीच हजारांची सांगितली आहे. ती ब्लॉग वाचत नाही, पण माझा मामा वाचतो. मामा, तेवढं तिच्यासमोर बोलू नका.