कॉन्टेसात स्विफ्टचं इंजिन? आधी गिअरबॉक्स बघा

सोलापुरात जुन्या गाड्यांच्या शौकिनांमध्ये एक मेसेज फिरतोय: ‘कॉन्टेसात (हिंदुस्तान मोटर्सची जुनी सेडान) स्विफ्टचं पेट्रोल इंजिन टाका. फाउंडेशन (इंजिन बसवायचे आधार) वेल्ड केलं की दोन दिवसांत गाडी रस्त्यावर. ताकद वाढते, आरटीओत नुसता इंजिन नंबर बदलायचा.’

‘दोन दिवसांत’ इथेच गाडी अडते. स्विफ्टचं इंजिन आडवं बसतं, पुढची चाकं फिरवतं आणि डिफरन्शियल (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारा भाग) गिअरबॉक्सच्याच पोटात असतं. कॉन्टेसाला इंजिन उभं, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने लागतं, मागे प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे मागच्या चाकांकडे ताकद नेणारा दांडा. तो जोडायला स्विफ्टच्या गिअरबॉक्सला जागाच नाही. मग दुसरा गिअरबॉक्स आणि इंजिन-गिअरबॉक्स जोडणारी मधली अडॅप्टर प्लेट आली. प्लेट अक्कलकोट रोड एमआयडीसीत बनेलही, पण नुसती भोकं जुळून भागत नाही. इंजिनचा क्रँक आणि गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट यांचा सेंटर एकच हवा. फ्लायव्हीलला डायल गेज लावून बेलहाउसिंगचा (क्लचवरचं गिअरबॉक्सचं कवच) बोअर पूर्ण फेरा मोजा. काटा एकूण 0.13 मिमीपेक्षा जास्त हलला, तर पायलट बेअरिंग (क्रँकच्या टोकाला शाफ्ट धरणारं) आणि इनपुट शाफ्टचं बेअरिंग लवकर जातं, क्लच थरथरतो, गिअर निसटतो. इंजिनखालचा ऑईल चेंबर क्रॉसमेंबरला (चासीचा आडवा बीम) अडतो म्हणून कापला, तर ऑईल स्ट्रेनर आणि तळ यांत 6 ते 10 मिमी अंतर ठेवा, आत बॅफल (ऑईल हेलकावू न देणारी पट्टी) लावा. नाहीतर वळणावर ऑईल प्रेशर जातं.

(2022 च्या अखेरीपासून मारुतीच्या ईको व्हॅनमध्ये स्विफ्टसारखंच के-सिरीज इंजिन मागच्या चाकांना जोडून येतं. तो इंजिन-गिअरबॉक्सचा पूर्ण सेट घेतला तर निदान सुरुवात होते. पण ईकोचं इंजिन सीटखाली, म्हणून गिअर लिव्हर आणि फाउंडेशन नव्यानेच बनवावं लागतं.)

ताकदीचं म्हणाल, तर कॉन्टेसातलं मूळ इसुझूचं पेट्रोल इंजिन 1817 सीसी, स्विफ्टचं 1197. खालच्या आरपीएमला ओढ उलट कमी होते.

वायरिंगचा तर मेसेजमध्ये उल्लेखच नाही. भंगारातून इंजिन आणि ईसीएम (इंजिनचा कंट्रोल कॉम्प्युटर) आणला, पण त्याच गाडीची चावी आणि इमोबिलायझर (चावी ओळखणारी चोरीविरोधी यंत्रणा) नसेल, तर इंजिन चालू राहत नाही. कॉन्टेसाच्या कार्ब्युरेटरच्या पंपाचं प्रेशर 0.2-0.3 बार, स्विफ्टच्या इंजेक्शनला साधारण 3 बार लागतं. जुने रबरी पाइप तेच ठेवले तर पेट्रोल गळून आग लागू शकते.

आरटीओ: मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की, उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मध्ये हेच बजावलं. आरसीवर 1817 सीसी आणि बॉनेटखाली 1197, अशा गाडीचा अपघात झाला तर विमा कंपनीला क्लेम नाकारायला आयतं कारण मिळतं.